हे अंशतः खरे आहे: नागपूरच्या विधानभवनात एक दिवस

पहाटे साडेपाचला साकोलीच्या स्टँडवर मामाजी माझ्या आधी येऊन उभे होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत काय असणार ते मला ठाऊक होतं: निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या हक्कांच्या नोंदीची नक्कल, इतक्या वर्षांच्या अर्जांच्या पोचपावत्या आणि तलावाचे चार फोटो. मी पुण्याहून आदल्या दिवशी मावशीकडे उतरले होते. अधिवेशन नागपूरला भरलं होतं, आमच्या तलावाचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात असा, त्या दिवशीच्या यादीत होता आणि आमदारांच्या पीएनं दोन पास काढून ठेवले होते.

"छापून आला म्हन्ते आपला प्रश्न," मामाजी म्हणाले. "चाल, पाहून येऊ."

साकोली ते नागपूर शंभरेक किलोमीटर. लाखनी गेलं, भंडाऱ्याला वैनगंगेवर दाट धुकं होतं, मौद्याच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या आणि जागोजागी पुंजणे. खिडकीतून तलाव दिसला की मामाजी त्याच्याकडे बघत राहायचे, पाणी किती आहे याचा मनात हिशेब चाललेला. आमच्या भागात तलाव मोजून संपत नाहीत. हे जुन्या मालगुजारांचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे तलाव: माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. लहानपणी सुट्टीत आजोळी आले की मला वाटायचं, हा माझ्या मामांचा तलाव आहे म्हणून मामा तलाव. आजही ते सगळंच्या सगळं चूक आहे असं मला वाटत नाही.

गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. जमिनीचा उतार नुसता डोळ्यांनी ओळखून मातीची पार, म्हणजे बांध घालायचा, जादा पाणी निघून जायला सलंग ठेवायची आणि शेताला पाणी सोडायला पारीच्या पोटात तुडुम बसवायचा. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. गावाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले राहिले, पण दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न त्या दिवसापासून लोंबकळत पडला. आमचा तुडुम कितीतरी वर्षं गळतोय. मार्चपर्यंत पुरणारं पाणी जानेवारीतच तळाला जातं. मामाजींनी या कार्यालयातून त्या कार्यालयात अर्ज दिले, प्रत्येक ठिकाणी शिक्का मिळाला.

गणेशपेठेच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. मामाजींनी तर्री दोनदा मागून घेतली. ऑटोवाल्यानं व्हरायटी चौकातच उतरवलं. पुढचे रस्ते बॅरिकेड लावून बंद होते. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या अंगानं झिरो माइलपर्यंत चालत गेलो. तो दगडी खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे मामाजींनी पहिल्यांदाच पाहिले.

पुढे पोलीस, पास, पुन्हा पोलीस. मोबाइल बाहेर ठेवावा लागला. पिशवीसुद्धा ठेवा म्हणाले, तेव्हा मामाजींचा चेहरा उतरला. तिथल्या एका शिपायानं तो पाहिला. "काका, कागद आहेत ना? माझ्या टेबलावर ठेवतो, कुठं जात नाहीत," असं म्हणून त्यानं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते.

विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार गळ्यात संत्र्यांच्या माळा घालून घोषणा देत होते, समोर कॅमेऱ्यांची गर्दी. आम्ही बाजूनं वर गेलो. पीएनं हातात प्रश्नोत्तरांची छापील यादी दिली आणि गॅलरीच्या दारातला पहारेकरी हळू आवाजात म्हणाला, "पायावर पाय टाकायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही."

मी यादी उघडली. आमचा प्रश्न अकरावा होता. प्रश्न चार कलमांचा. अमुक गावच्या तलावाचा विमोचक नादुरुस्त असल्याने पाण्याचा अपव्यय होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

मामाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्या कानाशी कुजबुजले, "विमोचक का होय?"

"तुडुम, मामाजी."

"मंग तुडुम काऊन नाही लिहिला?" आणि थोड्या वेळानं, "अंशतः म्हन्जे किती?"

अकरा वाजता घंटा वाजली, अध्यक्ष आले, सगळे उभे राहिले. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, मधल्या टेबलाशी भाषणं लिहून घेणारे प्रतिवेदक. विधानसभेचे २८८ सदस्य आणि परिषदेचे ७८ हे आकडे मी शाळेत पाठ केले होते. पण त्या आकड्यातल्या माणसाला घसा साफ करून "अध्यक्ष महोदय" म्हणताना वरून पाहणं निराळं. मूळ प्रश्न आणि उत्तर छापलेलं असतं, ते कुणी वाचत बसत नाही. क्रमांक पुकारला की थेट उपप्रश्न.

पहिला प्रश्न वसतिगृहांतल्या जेवणाचा होता, तो वीस मिनिटं चालला. दुसऱ्या प्रश्नाला एक नव्यानं निवडून आलेल्या ताई उभ्या राहिल्या. हातात एकच कागद, आवाज न चढवता बोलणं. मंत्री म्हणाले, "ही बाब तपासून पाहिली जाईल."

"किती दिवसांत?"

"लवकरात लवकर."

"अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न दिवसांचा आहे."

सभागृहात हसू उठलं, पण त्या हसल्या नाहीत. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री मागे वळले, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली, ती वाचून त्यांनी सांगितलं, "तीस दिवसांत." ताई खाली बसल्या. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द आश्वासन म्हणून नोंदला जातो आणि त्याचं पुढं काय झालं ते आश्वासन समिती विचारते. तीस या एका आकड्यासाठी ताईंनी जो पिच्छा पुरवला, तो मला त्या दिवसातल्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटला.

तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नाही म्हणून अध्यक्षांनी तो राखून ठेवला. मामाजींचं लक्ष सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहाव्या प्रश्नावर दुसरा उपप्रश्न चालू असताना बारा वाजले आणि प्रश्नोत्तराचा तास संपला. अकरावा प्रश्न पुकारलाच गेला नाही. छापलेलं उत्तर तेवढं कामकाजात राहिलं, त्यावर उपप्रश्न विचारायची संधी गेली.

मामाजी काही बोलले नाहीत. यादीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

त्यानंतर गोंधळ झाला. विरोधक अध्यक्षांसमोरच्या जागेत उतरले, कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब झालं, मग आणखी पंधरा मिनिटांसाठी. त्या गोंधळाचं वर्णन करण्यात मला रस नाही. त्या अर्ध्या तासात कितीतरी कामकाज सहज झालं असतं. समोरच्या बाकांवर कुठलाही पक्ष असता, तरी मी हेच म्हटलं असतं.

गॅलरी रिकामी केल्यावर आम्ही बाहेर पडलो. मामाजी म्हणाले, "मोर्चे पाहू." यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे विधानभवनाच्या अलीकडे अडवतात. टेकडी रोडला अंगणवाडी ताईंचा मोर्चा बसला होता, सगळ्या एकाच रंगाच्या साडीत. एकीनं आम्हाला शेंगदाण्याचा लाडू दिला. तिच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं.

तिथून मॉरिस कॉलेज टी-पॉइंट जवळच. २३ नोव्हेंबर १९९४ला इथं गोवारी समाजाचा मोर्चा चेंगरला गेला. ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरं जास्त. अनुसूचित जमातीत गणना व्हावी एवढीच मागणी घेऊन गुरं राखणारी माणसं आली होती. शेजारच्या उड्डाणपुलाला आता आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. स्मारकापाशी मामाजींनी मफलर काढला. "आपल्या गावचे गुराखी गेले होते त्या मोर्च्याले," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गायी दावनीलेच राहिल्या. कोन सोडंल?" मी कितीतरी वेळा वाचलेल्या त्या आकड्यापेक्षा दावणीला राहिलेल्या गायी मला जास्त दिसल्या.

नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३चा. विदर्भ नव्या राज्यात यायचा तर विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरेल, असं त्यात लिहिलं आहे. १९६० पासून ते भरतं. २०२० आणि २०२१ साली मात्र हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं. दिवस कमी, खर्च जास्त, आमदारांची ही हुरड्याची सहल, असं पुण्या-मुंबईत मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि कमी दिवसांबद्दलचा राग रास्तच आहे. पण नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा, त्याच्या अलीकडे आमचे शंभर. मामाजी मुंबईच्या गॅलरीत कधीच बसले नसते. टेकडी रोडवर बसलेल्या अंगणवाडी ताईंपैकी किती जणी लेकरू घेऊन मुंबईला पोचल्या असत्या? माझं मागणं साधं आहे: करारातलं अधिवेशन पुरेसे दिवस चालवा, आणि प्रश्नोत्तराचा तास एकही दिवस वाया घालवू नका.

संध्याकाळी पीएनं पुन्हा आत बसवलं. नियम २९३ अन्वये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर चर्चा चालू होती. बाकं बहुतेक रिकामी, अध्यक्षांच्या जागी तालिका अध्यक्ष, पत्रकारांच्या गॅलरीत तीन-चार जण. सकाळचा तो गजबजाट कुठं आणि हे कुठं, असं वाटलं. पण आमच्याकडचे एक सदस्य उभे राहिले आणि मामाजी खुर्चीच्या कडेला सरकले.

त्यांना सात मिनिटं होती. धानाच्या बोनसवर ते तीन मिनिटं बोलले आणि मग तलावांवर आले. गाळ, पारीवरची बेशरमची झुडपं, अतिक्रमणं. "अध्यक्ष महोदय, आमच्या तलावांचे तुडुम फुटले आहेत," ते म्हणाले. "तुडुम" म्हणताच खाली लिहीत असलेल्या प्रतिवेदक बाईंनी क्षणभर मान वर केली. पेन थांबलं. मग पुन्हा मान खाली, पेन चालू. दर काही मिनिटांनी दुसरे प्रतिवेदक येऊन बसतात आणि आधीचे उठतात. त्या उठल्या, दाराकडे जाता जाता त्यांनी शिपायाला एक चिठ्ठी दिली. भाषण संपल्यावर शिपायानं ती सदस्यांच्या बाकावर नेऊन ठेवली. सदस्यांनी वाचली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि परत दिली.

चिठ्ठीत काय होतं ते आम्हाला वरून दिसणं शक्यच नव्हतं. मामाजींना मात्र खात्री होती. माझं मनगट धरून ते म्हणाले, "विचारलं त्या बाईनं. तुडुम कसा लिवाचा, ते विचारलं." पहारेकऱ्यानं बोट ओठांवर ठेवलं. मामाजींनी हात जोडून त्याची माफी मागितली, पण माझं मनगट सोडलं नाही.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. शिपायानं पिशवी जशीच्या तशी परत दिली. परतीच्या एसटीत मामाजी भंडाऱ्यापर्यंत झोपले आणि लाखनीला जागे होऊन म्हणाले, "बाई, तीस दिवस म्हन्ल्यावर ती खाली बसली, नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावावर गेलो. पारीवर दव होतं. तुडुमापाशी पाणी बारीक आवाज करत दगडांतून निसटत होतं. तो आवाज मी लहानपणापासून ऐकते आहे, तेव्हा तो मला छान वाटायचा. मामाजी धोतर सावरून खाली उतरले. काल सकाळी निघण्याआधी त्यांनी दगडावर कोळशानं रेघ मारून ठेवली होती. आता त्या रेघेपासून पाण्यापर्यंत त्यांनी अंतर मोजलं.

मग खिशातली छापील यादी काढून माझ्या हातात दिली. आमच्या प्रश्नाचं पान वर करून, जिथं "अंशतः" छापलं होतं त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"लिव वो बाई. एका दिवसात चार बोटं."