एका खाणीची दोन इंजिने

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ‘पफिंग बिली’ पाहायचे आणि मग रेल्वेने उत्तरेला जाऊन एडिंबरामध्ये त्याचे भावंड ‘वायलम डिली’ पाहायचे, एवढ्यासाठीच मी हा प्रवास आखला होता. इंग्लंडच्या ईशान्येकडील वायलम गावच्या कोळसा खाणीसाठी ही दोन्ही इंजिने बांधली गेली. त्यांतले १८१३-१४ मधले पफिंग बिली हे आज जगात शिल्लक असलेले सर्वांत जुने वाफेचे रेल्वे इंजिन मानले जाते.

त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आपल्या मनातले इंजिनाचे चित्र बाजूला ठेवावे लागते. बॉयलरच्या दोन्ही अंगांना सिलिंडर उभे बसवलेले आहेत. त्यांतील दट्ट्यांची वर-खाली हालचाल माथ्यावरच्या लांब तुळयांना मिळते, तुळयांकडून ती खालच्या आसाला मिळते आणि तेथून दातेरी चाकांच्या मालिकेमार्फत गाडीची चाके फिरतात. भट्टीचे तोंड आणि धुराडे एकाच टोकाला पाहून मी क्षणभर गोंधळलो. पण आतली धूरनळी बॉयलरभर जाऊन वळसा घेते व परत त्याच टोकाला येते, हे कळल्यावर उलगडा झाला. त्यामुळे कोळसा टाकणारा एका टोकाला आणि चालक दुसऱ्या टोकाला उभा राहत असे. मी बराच वेळ बॉयलरच्या पत्र्यांवरील रिव्हेटांच्या ओळी न्याहाळत होतो.

खाणमालक ख्रिस्तोफर ब्लॅकेट यांना घोड्यांऐवजी यंत्र हवे होते, कारण नेपोलियनबरोबरच्या युद्धांच्या काळात चाराही महागला होता आणि घोडेही. गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाके घसरतील, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. खाणीचे व्यवस्थापक विल्यम हेडली यांनी माणसांकडून हाताने फिरवायच्या चाकांची एक गाडी करून ती समजूत खोटी असल्याचे आधी पडताळून पाहिले आणि मगच इंजिन बांधायला घेतले. जोनाथन फॉर्स्टर व लोहार टिमथी हॅकवर्थ हे त्यांचे साथीदार होते. इंजिन चालले, पण त्याच्या वजनाने ओतीव लोखंडाचे ठिसूळ रूळ मोडू लागले. भार विभागण्यासाठी त्याला चारांऐवजी आठ चाके लावण्यात आली आणि पुढे १८३० च्या सुमारास मजबूत रूळ आल्यावर पुन्हा चार झाली. म्हणजे आपण जे पाहतो ते १८१४ सालचे यंत्र जसेच्या तसे नव्हे. जवळजवळ पन्नास वर्षे राबताना झालेल्या सगळ्या दुरुस्त्या अंगावर घेऊन ते १८६२ मध्ये पेटंट ऑफिसच्या संग्रहालयात आले. त्या दुरुस्त्या पुसून इंजिनाला ‘मूळ’ रूप देण्याचा मोह कोणी धरला नाही, याचे मला फार समाधान वाटते.

एडिंबराकडे जाणारी गाडी न्यूकॅसलला टाइन नदी ओलांडते, तेव्हा मी खिडकीला चिकटून बसलो होतो. १८२२ मध्ये याच नदीवर कोळशाच्या होड्या वाहणाऱ्या नावाड्यांनी संप केला, त्या वेळी वायलम डिली रुळांवरून उचलून एका होडीवर चढवण्यात आले आणि त्याच्या जोरावर वल्ह्यांची चाके फिरवून कोळशाच्या होड्या ओढल्या गेल्या. संप मिटल्यावर ते पुन्हा रुळांवर आले.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डिलीपाशी पोहोचलो, तेव्हा त्याच तुळया आणि तीच दातेरी चाके पाहून जुनी ओळख पटल्यासारखे झाले. अशी इंजिने पुन्हा पेटवावीत का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: पेटवू नयेत. दोनशे वर्षांच्या बॉयलरमध्ये दाब चढवायचा, तर जुने पत्रे काढून नवे बसवावे लागतील आणि त्या पत्र्यांबरोबरच पुरावाही जाईल. ‘रॉकेट’ या प्रसिद्ध जुन्या वाफेच्या इंजिनाचे उदाहरण पाहा. १८२९ मध्ये रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या चाचणीत त्याचे सिलिंडर तिरके होते आणि थोड्याच काळात ते जवळजवळ आडवे करण्यात आले. अशा बदलांचा क्रम मूळ भाग जागेवर असल्यामुळेच अभ्यासकांना लावता आला. चालते इंजिन पाहण्याची हौस बीमिशच्या खुल्या संग्रहालयाने योग्य मार्गाने भागवली आहे: तेथे पफिंग बिलीची प्रतिकृती २००६ मध्ये तयार झाली.

परतताना मी न्यूकॅसलहून गाडी बदलून वायलमला उतरलो. बिली व डिली ज्यावरून धावत, तो मार्ग खाणीपासून नदीकाठच्या लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर जात असे. रूळ कधीच उखडले गेले आहेत आणि आता तेथून लोक चालतात, सायकली चालवतात. वाटेच्या अगदी कडेला एक दगडी घर आहे, त्यात १७८१ मध्ये रेल्वेचे प्रसिद्ध अभियंते जॉर्ज स्टीफन्सन जन्मले. त्या दाराला अगदी लागून कोळशाच्या वाघिणी जात असत, आधी घोड्यांच्या आणि मग बिली व डिलीच्या मागे. मी घरापाशी थांबलो आणि दारापासून मार्गापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. फार पावले लागली नाहीत.