चांदाड्याच्या पानावरची आई

यंदा चतुर्थीला वेंगुर्ल्याजवळ मावशीकडे गेले होते, दादरहून तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडी आणि पुढे एसटी. विसर्जन झाल्यावर बाकीचे परतले, मी मात्र पाच दिवस जास्त राहिले कारण मावशीच्या काजूच्या बागेत मला ढेकूण बघायचे होते. गादीतले नाही हां, झाडावरचे, ज्यांना इंग्रजीत स्टिंक बग म्हणतात ते. ढालीसारखं अंग आणि हात लावला की वास.

पहिल्याच सकाळी साडेसहाला बाहेर पडले. ही वेळ सगळ्यात भारी, पानं ओली असतात, किडे गारठलेले असतात, लगेच हलत नाहीत. ऊन चढलं की ते हुशार होतात, आपण जवळ गेलो की चालत पानाच्या मागच्या बाजूला जातात, आपण तिकडे वाकलो की परत पुढे. काजूच्या एका फांदीवर केशरी-पिवळ्या रंगाचे सात-आठ जण एकत्र बसले होते. हा तो माणसाच्या तोंडाचा ढेकूण, कॅटाकँथस इन्कार्नाटस, १७८३ साली ड्रुरी नावाच्या इंग्रज कीटक-अभ्यासकाने त्याचं वर्णन केलंय. पंखांवर दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, पाठीवरचा त्रिकोण म्हणजे नाक, टोकाचा काळा भाग म्हणजे केस. पण फोटो उलटा धरावा लागतो, डोकं खाली केल्यावरच चेहरा दिसतो. मावशीला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उलटा करून दाखवला तर ती बघतच राहिली, इतकी वर्षं काजू वेचतेय पण हे तोंड कधी बघितलं नव्हतं म्हणाली.

वासाचंही सांगते. फांदी धरताना एकाला बोट लागलं आणि पिशवीत दोन दिवस राहिलेल्या कोथिंबिरीसारखा वास आला. ते खरंच जवळचं आहे, कोथिंबिरीच्या पानात ज्या जातीची आल्डिहाइडं (वास देणारी रसायनं) असतात तसलीच यांच्या वासातही असतात. मोठ्यांच्या वासाच्या ग्रंथी पोटाकडच्या बाजूला, मागच्या पायांजवळ असतात आणि पिल्लांच्या पाठीवर.

दुसऱ्या दिवशी बांधाकडेला चांदाड्याचं झाड होतं, ते मोठ्या गोल पानांचं, देठ पानाच्या मधोमध चिकटलेला असतो ना, ते. त्याचं एक पान उचलून बघितलं तर खाली पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेली एक मादी अंड्यांवर बसलेली. ही कँटाओ ऑसेलॅटस, ढेकणांच्या जवळच्याच कुळातली, हिची पाठीवरची ढाल अख्खी पाठ झाकते. बहुतेक किडे अंडी घालून निघून जातात पण ही थांबते! कडेची चाळीसेक अंडी मला मोजता आली, बाकीची तिच्या पोटाखाली होती.

मग उरलेले दिवस मी तिथेच घालवले असं म्हटलं तरी चालेल. पाठ इतकी चकचकीत की फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग यायचा, शेवटी मखराच्या उरलेल्या थर्माकोलचा पातळ तुकडा फ्लॅशपुढे बांधला तेव्हा कुठे ठिपक्यांच्या फिकट कडा नीट आल्या. वाऱ्याने पान हलायचं म्हणून डाव्या हाताने देठ धरायचा, उजव्या हाताने कॅमेरा, आणि श्वास रोखून क्लिक. मध्येच एक मुंगी देठावरून आली तर आईने अंग त्या बाजूला कलवलं, मुंगी फिरली तशी हीसुद्धा फिरली, मुंगी परत जाईपर्यंत. मी इतकी जवळ असूनही अंडी सोडून उडाली नाही, हे माझ्या मनाला फार भिडलं.

मावशी मागून आली. "गो बाय, त्या ढेकणीचे फोटो कित्याक काढतंस?" मी म्हटलं, "मावशी, बघ ना तू, अंडी राखत बसलीय." तिने चष्मा लावून बघितलं आणि काहीच बोलली नाही, बराच वेळ.

सगळेच ढेकूण पिकाचा रस पितात असंही नाही बरं का. तिथेच जवळ एक भुरा, खांद्यावर काटे असलेला शिकारी ढेकूण दिसला, सोंड सुरवंटात खुपसून त्याला लोंबकळत घेऊन चाललेला. फवारणी करताना हेही मरतात, म्हणून आधी कोण आहे ते ओळखायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चौथ्या दिवशी अंड्यांवर लाल ठिपके दिसायला लागले, आतल्या पिल्लांचे डोळे. पाचव्या दिवशी सकाळी गेले तर अंड्यांची झाकणं उघडलेली आणि लालसर पिल्लं, खसखशीपेक्षा थोडी मोठी, रिकाम्या टरफलांवरच एकमेकांना चिकटून बसलेली. आणि आई वर. त्या एका फ्रेमसाठी मी दोनशेवर क्लिक केले असतील, तीन फोटो शार्प आले.

दुपारी निघायचं होतं. बॅग भरत होते तेव्हा बांधावरचं रान मारायला गडी आला होता, कोयती घेऊन. मी काही बोलायच्या आत मावशी खळ्यातून ओरडली, "तो चांदाडो र्‍हवांदे रे, त्येच्यार पोरां असत!"