आधी टेबलामागे, मग सॅडलवर: २०० ची बीआरएम

मागच्या महिन्यात २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) मी १०० व्या किलोमीटरच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, व्हॉलंटियर म्हणून बसलो होतो. काम सोपं. रायडरचं कार्ड घ्यायचं, त्यावर वेळ लिहायची, शिक्का मारून सही करायची. सकाळी ६ ला सुटलेल्यांसाठी आमचं टेबल ८:५६ ला उघडणार आणि १२:४० ला बंद होणार. ताशी ३४ ची कमाल आणि १५ ची किमान सरासरी, या हिशेबाने या वेळा ठरतात. (१५ ने भागलं तर २०० ला १३ तास २० मिनिटं येतात, पण प्रत्यक्षात मिळतात १३:३०. ही १० मिनिटं फुकटची. शेवटी त्यांचीच आठवण येते.)

१२:४४ ला एक जण आला. सायकल ठणठणीत, माणूसही. "चारच मिनिटं झालीत हो," म्हणाला. मी १२:४४ लिहिलं. वाटेत अपघात झालेल्या कुणाला मदत करायला थांबलं किंवा रस्ताच बंद निघाला, तर नियमांत सवलतीला जागा आहे. दमलो, रेंगाळलो याला नाही. कुठे थांबला होतात, असं विचारलं तर आधी "कुठेच नाही", मग थोडा विचार करून "म्हणजे पाच-पाच मिनिटं, तीन-चारदा." हात लिहिताना जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

या रविवारी त्याच रूटवर मी स्वतः उतरलो.

पहिले ४० किलोमीटर आठ जणांच्या ग्रुपमध्ये निघाले. पहाटेचा गारवा, सपाट रस्ता, पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवायचा. मीटरवर २८ दिसत होते आणि पायांना पत्ताच नव्हता. इथेच नवखे फसतात. पुढे जायची पाळी आली की छाती फुगते आणि आपण ३१ ने ओढायला लागतो. मागच्यांची रांग तुटते, आणि तासाभराने आपलीही वाट लागते. पाळी आली की आधी होता तोच वेग ठेवायचा, दोन-तीन मिनिटं ओढायचं आणि बाजूला होऊन मागे यायचं. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही न्यायचं नाही. चाकाला चाक घासलं तर तो बहुधा वाचतो, पडतो आपण. चढावर सॅडलवरून उठण्याआधी तोंडाने सांगायचं, कारण उठताना सायकल वीतभर मागे येते. खड्डा दिसला की बोट दाखवायचं. दोन्ही हात ब्रेकवर असतील तर ओरडायचं.

४० नंतर मी ग्रुप सोडला. त्यांचा वेग माझा नव्हता, आणि तो धरून राहिलो असतो तर घाटात उतरून चालावं लागलं असतं.

६३ व्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, टायरमधून बोट फिरवल्यासारखं केलं, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स! या वेळी शहाण्यासारखं केलं. टायरवरचं छापील नाव मी नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवतो. काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते पाहायचं, व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर धरायचं आणि नेमकं तिथेच बघायचं. दिसलं काही नाही. टायर आतून बाहेर वळवला तेव्हा नखाला केसाएवढं काहीतरी टोचलं: फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली पोलादी तार, जेमतेम तीन मिलिमीटर. बोटांनी निघेना, मल्टीटूलच्या टोकाने रेटून बाहेर काढली. दोन्ही पंक्चर मिळून ५० मिनिटं गेली. दोन ट्यूब, पॅच आणि छोटा चिमटा बरोबर असू द्या. चिमटा माझ्याकडे नव्हता.

घाटाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हलका गिअर लावा, पाय फिरत ठेवा, मीटरकडे बघू नका.

११:४२ ला कंट्रोल. समोर तेच टेबल, तीच खुर्ची, मी मात्र पलीकडे. इथे मागच्या महिन्यात पाहिलेलं कामी आलं. लोक यायचे, सायकल टेकवायचे आणि मग बॅगेत कार्ड शोधायचे. एकाचं घामाने इतकं भिजलं होतं की शिक्क्याची शाई पसरली. कार्ड झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून एका ठरलेल्या खिशात ठेवा. आधी शिक्का, मग पाणी, मग बाकी सगळं. आणि बसायचंच झालं तर घड्याळात निघायची वेळ ठरवून बसा. मी १५ मिनिटांत निघालो. मनात "पाच-पाच मिनिटं" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांचा चेहरा होता.

परतीला समोरून वारा. अशा वेळी एकटं राहण्यात काही शौर्य नाही. एक अनोळखी रायडर भेटली, अनुभवी असावी, कारण काही न बोलता ती कोपराच्या इशाऱ्याने पाळ्या लावू लागली. पन्नासेक किलोमीटर आम्ही आलटून पालटून ओढलं. नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर हिशेब मांडला. एकूण १२ तास ४८ मिनिटं. त्यात चाकं फिरत होती १० तास २०. म्हणजे जवळपास अडीच तास मी उभा किंवा बसलेला होतो. पंक्चर आणि कंट्रोल वजा केले तरी ८० मिनिटं उरतात, आणि ती कुठे गेली ते मला आठवत नाही. सरासरी १९ वरून २० वर न्यायला मी तीन महिने सराव केला असता, तरी २०० किलोमीटरमध्ये वाचला असता अर्धा तास. तेवढा वेळ सावलीत फोन बघत सहज जातो. म्हणून महागड्या चाकांचा विचार करण्याआधी थांबे मोजा. बीआरएममध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो; सहा तासांत येणारा आणि १३:२९ ला येणारा, दोघांनाही सारखाच मान. वेळेत येणं एवढंच मागितलेलं असतं.

सपोर्टची गाडी ठेवणार असाल तर ती फक्त कंट्रोलवर भेटू शकते, अधेमधे नाही. अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. दिवसाउजेडी संपवणारच आहोत, म्हणून दिवा घरी ठेवू नका. शेवटचे काही किलोमीटर मीही दिवा लावूनच आलो.

६:४८ ला कार्ड टेबलावर ठेवलं आणि वळलो, तर मागून हाक आली. कार्डावर माझी सहीच नव्हती. मागच्या महिन्यात याच कारणासाठी मी निदान दहा जणांना परत बोलावलं होतं. टेबलामागच्या मुलीने हसत पेन पुढे केलं. बोटं इतकी आखडली होती की सही बँकेने नक्की नाकारली असती.