बोअरचं पाणी, पावसाळी हवा आणि माझे नागमोडी केस

सांगलीत ज्यांच्या इमारतीत आंघोळीला बोअरचं पाणी येतं त्यांना त्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. बादलीच्या आत पांढऱ्या रेघा उमटतात, गीझरच्या कॉइलवर पापुद्रे चढतात, साबणाला फेस म्हणून येत नाही. नळ खराब झाला की आपण लगेच क्षारांना नावं ठेवतो. पण तेच पाणी डोक्यावरून घेतल्यावर केस राठ झाले तर शाम्पू बदलतो, तेल बदलतो, शेवटी पार्लर बदलतो. माझे केस आज बऱ्यापैकी ताळ्यावर आहेत, आणि त्याची सुरुवात या पाण्यापासून झाली.

माझे केस मुळाशी सरळ, कानाच्या खाली नागमोडी, आणि वरच्या थरात सतत उडणारे. एकेक केस बारीक, पण संख्येनं भरपूर. आंद्रे वॉकर या अमेरिकन केशभूषाकारानं केसांची जी वर्गवारी केली, तिच्यात १ म्हणजे सरळ, २ नागमोडी, ३ कुरळे आणि ४ अगदी घट्ट वळणाचे. त्यात माझे २ बी, म्हणजे मध्यम नागमोडी. हे कळल्याचा फायदा इतकाच झाला की कुरळ्या केसांसाठी सांगितलेले जड लोण्यासारखे क्रीम मी घेणं बंद केलं. नागमोडी केस वजनानं लगेच बसतात. मुळाशी चप्प आणि खाली पिंजारलेले, असं विचित्र दिसायला लागतं.

चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा एका पार्लरमध्ये गेले होते. केसांना हात लावायच्या आधीच सल्ला आला, "मॅडम, स्मूदनिंग करून टाका, सहा महिने बघायला नको." मी विचारलं, बाटलीत काय आहे? उत्तर मिळालं, "केराटिन." केस स्वतःच केराटिन या प्रथिनाचे असतात. बाटलीतलं केराटिन केस सरळ करत नाही, ते काम दुसरंच रसायन करतं. केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडून पुन्हा सरळ जोडायचे असतील तर थायोग्लायकोलेटसारखं रसायन लागतं. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच प्रकारांत इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि २००४ साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्याच्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाबद्दलही २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुणीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचा वृत्तांत आला. हे सगळं बाजूला ठेवलं तरी साधा हिशेब उरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सहा महिन्यांनी वरचे सहा सेंटिमीटर माझे आणि खालचे पार्लरचे, मग पुन्हा तीच खुर्ची. मी नको म्हणाले आणि आजही त्या निर्णयाचं मला समाधान आहे.

केस फुगतात कशानं, हे मला समजून घ्यायचं होतं. केसाच्या बाहेर बारीक खवल्यांचं आवरण असतं, कौलारू छपरासारखं एकावर एक बसलेलं. कोरड्या, घासलेल्या केसांत हे खवले उचललेले राहतात आणि हवेतला ओलावा आत शिरतो. आतले हायड्रोजनचे बंध पाण्यानं सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. म्हणून ओल्या केसांची रात्री वेणी घातली तर सकाळी लाटा पडतात आणि पावसाळी हवेत बाहेर पडलं की केलेला आकार तासाभरात मोडतो. प्रत्येक केस आपापल्या दिशेनं वळतो आणि डोक्याभोवती धुकं तयार होतं. म्हणजे केस कोणत्या आकारात सुकतात यावर दिवसभराचं रूप ठरतं. माझं बाकीचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बसलं.

आता पाणी. खवल्यांवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसला की कंडिशनर लावूनही केस हाताला कोरडेच लागतात. मी आधी शॉवरला लावायचा फिल्टर आणायला निघाले होते. दुकानदारानं खरं सांगितलं, त्याचे आभार: "ताई, यानं क्लोरीन कमी होईल, क्षार जाणार नाहीत. त्यासाठी सॉफ्टनरच लागतो, त्यात मीठ घालावं लागतं." भाड्याच्या घरात ते जमणारं नव्हतं. आरओच्या मशिनमधून वाया जाणारं पाणी वापरावं असंही कुणी सुचवलं, पण त्या पाण्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात, ते डोक्यावर मुळीच घेऊ नये. शेवटी जमलं ते असं: डोकं बोअरच्याच पाण्यानं धुवायचं, आणि शेवटचे दोन तांबे महापालिकेच्या पाण्याचे घ्यायचे. पाणी आलं नाही त्या दिवशी बोअरचं पाणी उकळून रात्रभर झाकून ठेवते आणि सकाळी तळ न हलवता वरचं ओतून घेते. शाळेत शिकलेला अस्थायी कठीणपणा, म्हणजे बायकार्बोनेटच्या क्षारांचा, तेवढ्यानं खाली बसतो. क्लोराइड-सल्फेटवाला बसत नाही, पण फरक हाताला कळतो. शिवाय महिन्यातून एकदा असा शाम्पू वापरते ज्याच्या बाटलीवर घटकांच्या यादीत डायसोडियम इडीटीए वरच्या बाजूला आहे. तो क्षार धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. पहिल्यांदा तो वापरला तेव्हा केसातून बोटं शेंड्यापर्यंत सरळ उतरली. मी आरशासमोर तशीच उभी राहून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होते.

शिकेकाईचं आईनं आवर्जून सांगितलं होतं. शिकेकाईतला फेस साबणाचा नसतो, त्यामुळे कठीण पाण्यात तिचा साबणासारखा चिकट साका होत नाही, ही तिची जमेची बाजू. पण पूड डोक्यावर थापली तर नागमोडी केसांत तिचा भरड चोथा अडकून बसतो. शेंगा रात्री भिजवून, उकळून, गाळून घेतलेलं पाणी वापरलं तर त्रास नाही. रविवारी वेळ असेल तर मी तेच करते.

तेलाबाबत आईचा आणि माझा वाद मिटला तो असा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये सूर्यफूल आणि खनिज तेलाशी तुलना करून दाखवलं आहे. म्हणून मी तेल न्हायच्या आधी लावते, लांबीला जास्त, डोक्याला थोडं. धुतल्यावर तेल थापून बाहेर पडायचं मात्र सोडलं. त्यावर स्टेशन रोडची धूळ बसते आणि कोंडा असेल तर तोही वाढतो. आईला ते पटायला वेळ लागला. "झिंज्या सोडून कुठं निघालीस गं?" हे ती अजून म्हणते, पण आता हसत.

धुण्याचा क्रम सांगते, कारण इथंच खरी मेहनत आहे. शाम्पू फक्त मुळांना; खाली उतरणारा फेस शेंड्यांना पुरतो. कंडिशनर कानाच्या खाली भरपूर, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीनं शेंड्यापासून वर गुंता सोडवायचा. त्यानंतर फणी हातात घ्यायची नाही, केस सुकल्यावरही नाही. सुके केस विंचरले की लाट मोडते आणि नुसता फुगारा उरतो. टॉवेल डोक्याला गुंडाळून पिळणं बंद केलं. आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा आहे, त्यात केस खालून ओंजळीत घेऊन वर दाबते. पाणी निथळतं आणि लाटाही तिथंच बसतात.

मग जवसाचं जेल. जवस गणपती पेठेत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळायचं. चमच्यावरून तार सुटायला लागली की गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण थंड झाल्यावर ते कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की फेकून द्यावं. ओल्या केसांना ते लावून दाबलं की सुकल्यावर केस कडक होतात. घाबरायचं नाही, पूर्ण सुकल्यावर मुठीत हलकेच चुरगाळले की कडकपणा जातो आणि लाट राहते.

एवढं सगळं केल्यावरही केस छान दिसत नव्हते, आणि त्याचं कारण कट होतं. माझा एका रेषेतला सरळ कट होता. नागमोडी केसांत त्याचा त्रिकोण होतो, वर चप्प, खाली पसरलेला. विश्रामबागेत एक ताई घरीच कापतात असं मैत्रिणीनं सांगितलं. त्यांनी केस ओले केलेच नाहीत. "धुऊन, काही न लावता, वाळवून या," असं फोनवरच बजावलं होतं. खुर्चीत बसवून त्यांनी एकेक बट हातात घेतली, खाली ओढली आणि सोडली. ती किती वर जाते ते बघितलं, मग पुढची. उजव्या बाजूची बट डावीपेक्षा बोटभर जास्त आक्रसत होती, ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. "ओले कापले असते तर सुकल्यावर एक बाजू आखूड झाली असती," त्या म्हणाल्या. मी केस पातळ करायच्या दातेरी कात्रीबद्दल विचारलं, तर त्यांनी मान हलवली. त्या कात्रीनं मधेच तुटलेले आखूड केस तयार होतात आणि तेच वर उभे राहतात. त्यांनी गळ्याच्या हाडाखाली लांबी ठेवून हनुवटीपासून खाली लांब थर दिले. कपाळावर बटा कापायला मी तयार होते, त्यांनीच थांबवलं: "पावसात त्या तुम्हाला रोज सरळ कराव्या लागतील." इतका सरळ सल्ला मला आजवर कुणी दिला नव्हता.

लग्नाला अंबाडाच घातला, खाली मानेवर, जरा सैल. पुढच्या दोन लाटा तशाच सोडल्या आणि गजरा. ड्रायर लावला तो हवा पसरवणारा डिफ्यूझर जोडून, मंद हवेवर. रोजच्या दिवसात भांग मधोमध न काढता जरा बाजूला काढते, त्यानं मुळाशी थोडी उंची येते. गाडी चालवताना केस सैल सागरवेणीत घालून हेल्मेटच्या आत घेते. आत साटीनचं फडकं बांधते, ते कापडपेठेतून घेतलं. त्याच कापडाचा उशीचा अभ्रा शिवला. सुती अभ्र्यावर रात्रभर घासून केसांचा जो पिंजारा व्हायचा तो बराच थांबला. श्रावणात मोकळे केस सोडण्याचा हट्ट मी करत नाही. त्या दिवसांत खजूरवेणी किंवा अंबाडा, आणि सुटलेल्या बटांवर ओल्या हातानं थेंबभर जेल.

मिरजेला माझी भाची नववीत आहे, केस अगदी माझ्यासारखे. शाळेला रिबिनीच्या दोन वेण्या लागतातच. तिची आई केस उडू नयेत म्हणून इतक्या घट्ट ओढून घालायची की कपाळाजवळचे केस विरळ व्हायला लागले होते. रोज त्याच जागी ताण पडला की तिथले केस गळतात, आणि फार काळ तसंच चाललं तर परत येत नाहीत. "वहिनी, वेणी मानेपासून घट्ट करा, कपाळापाशी सैल राहू द्या, आणि न्हाल्यावर ओल्या केसांना चमचाभर जवसाचं जेल लावा," एवढंच मी सांगितलं. जेलची बरणी आता दोन घरांसाठी एकदमच करते. शनिवारी भाची येते आणि तिची भरून नेते.