लढाई चालू असतानाचे धडे

७ मे २०२५, बुधवार

पहाटे इथं बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री सेंटरमध्ये आम्हा रिक्रूटांच्या पीटीच्या फॉल-इनला उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, आधी रोजच्यासारखी गिनती घेतली. मगच सांगितलं की रात्री एक वाजून गेल्यावर आपल्या सैन्यानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये मिळून नऊ ठिकाणी मारा केला. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, तेव्हापासून आमची प्लाटून याच बातमीकडं कान लावून होती. रांगेतून आपोआप घोष उठला, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!' उस्तादांनी तो पुरा होऊ दिला. मग म्हणाले, "चला. पाच किलोमीटर."

पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी, हातात रायफल. वेंगुर्ल्याच्या रस्त्याकडं तोंड करून पळताना दर वेळी आठवतं की हाच रस्ता पुढं उचगाव फाट्याला जातो आणि तिथून आमचं घर. बसनं अर्धा तास. परवाच्या वैशाखातल्या शिवजयंतीला गल्लीत लेझीम झाली असेल, ती यंदा माझ्याशिवाय. सेंटरच्या फाटकाच्या आत मात्र उचगाव आणि जम्मू सारखेच लांब.

संध्याकाळी टीव्हीसमोर सगळे बसलो. कर्नल सोफिया कुरेशी बोलायला उभ्या राहिल्या तसा माझा बडी, म्हणजे प्रशिक्षणातला जोडीदार, ताडकन उठला, "नम्म कोण्णूर सोसी!" तो गोकाकचा. त्याच्या तालुक्यातल्या कोण्णूरची सून देशाला लढाईची बातमी देत होती. तो कन्नड, मी मराठी. पण त्या क्षणी त्याचा अभिमान मला अगदी माझा वाटला. बाहेर सीमाप्रश्नावर माणसं काय काय बोलतात. इथं एका रायफलीचा बोल्ट दोघं मिळून पुसतो.

८ मे, गुरुवार

दुपारपर्यंत एकच काम, जखमी साथीदाराला उचलून नेणं. बडीला खांद्यावर आडवं घ्यायचं, आपला एक हात त्याच्या पायामागून काढून त्याचंच मनगट धरायचं, म्हणजे दुसरा हात रायफलीला मोकळा राहतो. रात्री वळीव पडून गेलेला, मैदानात लाल चिखल. बडी माझ्याहून अंगानं दांडगा आहे. निम्म्या वाटेवर मांड्या थरथरायला लागतात, आणि तेव्हाच उस्ताद ओरडतात, "तो जखमी आहे, त्याला हिसके देऊ नकोस!"

जेवणानंतर रेजिमेंटच्या इतिहासाचा तास होता. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, जंगी पलटणीचे, म्हणजे आमच्या रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे. नदीच्या पलीकडच्या काठावर त्यांची छोटी तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमींना भर गोळीबारात खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि पेरलेल्या सुरुंगांमधून सुरक्षित जागी आणलं. मग एकट्यानं मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली, काठावर उभं राहून आपला घोष दिला आणि मागच्या कंपन्यांना हातानं बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस त्यासाठी मिळाला.

गोष्ट सांगताना सगळे त्या तीन मशिनगनवर थांबतात. ते खरंच आहे. पण सकाळी खांदा सोलवटून आल्यावर मला दुसरंच दिसलं. माणसं दोन होती, म्हणजे एकाला पोचवल्यावर ते पुन्हा त्याच पाण्यात उतरले. पहिली खेप अंगात चेव असताना होऊन जात असेल. दुसऱ्या खेपेच्या वेळी मात्र वाट कशी आहे, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. वय तेवीस. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून रात्री बडीला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या मला दोनदा उचल. नंतर मी तुला." पाठीची पार वाट लागणार आहे, पण उचलणार.

९ मे, शुक्रवार

पुन्हा पाऊस, ड्रिल शेडमध्ये. घरून निरोप आला. थोरल्या काकांचा मुलगा सुट्टीवर आला होता, सुट्टी अर्धी टाकून गेला. कुठं ते लिहीत नाही, लिहायचं नसतं.

१० मे, शनिवार

संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं, असं परराष्ट्र सचिवांनी सांगितलं. बराकीत दोन तट पडले. काहींना हायसं वाटलं, काही चिडले. मला काय वाटलं ते खरं लिहितो. हायसं वाटलं, दादासाठी, म्हणजे सुट्टी टाकून गेलेल्या त्या चुलतभावासाठी. आणि आपण इथं दोर चढत होतो, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करत होतो, तेवढ्यात ती वेळ निघून गेली म्हणून टोचलंही. दोन्ही एकदमच.

बडीनं धीर करून उस्तादांना विचारलं, "आम्हाला कधी, उस्ताद?" मला वाटलं आता रगडा, म्हणजे शिक्षा. पण ते शांतपणे खाली बसले. म्हणाले, "पोस्टवर तुम्ही पहाऱ्यावर असाल तेव्हा बाकीचे तुमच्या भरवशावर झोपणार. त्यांना झोप लागली पाहिजे. तेवढं तयार व्हा, मग मला विचारावं लागणार नाही." काश्मीरमध्ये काढलेल्या वर्षांबद्दल ते एरवी एक शब्द बोलत नाहीत. आज जे बोलले ते जसंच्या तसं इथं उतरवून ठेवलं आहे.

११ मे, रविवार

फोनची पाळी आली. आई म्हणाली, "जेवलास काय? तुम्हासनी बी तिकडं पाठवूलालेत काय रे?" तिनं मळेकरणी देवीला नवस बोललाय. मी म्हटलं, अजून नाही आई, अजून शपथ घ्यायची कसम परेड व्हायची आहे; पण झाल्यावर जिथं पाठवतील तिथं जाणार. ती म्हणाली, "जा की. मी नको म्हणूलालो नाही. पाय जपून टाक." मग बाबांनी फोन घेतला आणि मळणीचं, पावसाचं सांगत बसले.

उद्या कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफली काढून रेंजवर जायचं आहे. तीनशे मीटरचं फायरिंग पहिल्यांदाच. बडीला वाऱ्याचा अंदाज बरोबर लागतो, शेतावर वाढल्यामुळं असेल. झोपण्याआधी त्याच्याकडून ते नीट समजून घेणार आहे.