लॅबच्या दारात अडले ते घरातल्या माणसांच्या यादीमुळे

१९७५ पासून तुम्ही ज्यांच्या ज्यांच्यासोबत एका घरात राहिलात, त्या प्रत्येकाचं नाव, नातं, लिंग आणि सध्याचं वय. त्यानंतर जन्मला असाल तर जन्मापासून. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लहान मुलांसोबत काम करायचं तर बालशोषणाच्या नोंदी तपासण्याच्या अर्जात हा रकाना भरावाच लागतो. मी इथल्या एका विद्यापीठात शिकते. मुलांच्या भावनिक विकासावर काम करणाऱ्या लॅबमध्ये बिनपगारी रिसर्च असिस्टंट व्हायला मला जेवढा वेळ लागला, त्यातला निम्मा या एका रकान्यात गेला.

आधीचं पटकन सांगते. ईमेल प्राध्यापकांना न लिहिता लॅब मॅनेजरला लिहा. ‘मला मुलं खूप आवडतात’ हे वाक्य टाळा, ते सगळेच लिहितात. आठवड्याचे किती तास देणार, किती सेमिस्टर थांबणार आणि शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत किंवा शनिवारी मोकळे आहात का, हे स्पष्ट लिहा. मुलं तेव्हाच येतात, त्यामुळे मॅनेजर आधी तेच बघतो. मुलाखत वीस मिनिटांत उरकते.

मग ‘सिटी’ (CITI) हे माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेचं ऑनलाइन प्रशिक्षण. खातं उघडताना आपलं विद्यापीठच निवडा. चुकून स्वतंत्र विद्यार्थी म्हणून शिरलात तर पैसे मागतं आणि निकाल विद्यापीठाकडे जात नाही. सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचा कोर्स घ्या, त्यात मुलांवरच्या संशोधनाचा भाग असल्याची खात्री करा. पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यावर प्रश्न हमखास येतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर लॅब तुमचं नाव नैतिकता समितीच्या मंजुरीत घालते. आमच्याकडे नावं गठ्ठ्याने पाठवतात. एक गठ्ठा चुकला की पुढच्याची वाट बघायची.

आता क्लिअरन्स, म्हणजे पार्श्वभूमी तपासल्याची प्रमाणपत्रं. ती तीन असतात: राज्य पोलिसांचं, बालशोषणाच्या नोंदींचं आणि बोटांचे ठसे देऊन एफबीआयचं. सलग दहा वर्षं याच राज्यात राहिलेल्या व्हॉलंटियरला तिसऱ्यातून सूट मिळते. आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांना नाही. पहिलं घरबसल्या होतं.

घोळ दुसऱ्यात. राज्याचा बालसंरक्षण कायदा १९७५ चा, म्हणून तिथपासूनची मोजणी. फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आईवडील, दोन भावंडं आणि एखादा रूममेट असणार. माझ्या घरी आजी-आजोबा, काका-काकू, दोन चुलत भावंडं आणि इंजिनिअरिंगसाठी चार वर्षं राहिलेला आतेभाऊ. वर पुण्याच्या हॉस्टेलमध्ये तीन वर्षांत पाच रूममेट, त्यातल्या दोघींची आडनावं मला आठवेनात. पहिल्या वेळी मी फक्त आईवडील आणि भाऊ लिहिले, पण पत्त्यांमध्ये हॉस्टेल दिलं होतं. अर्ज अपुरा म्हणून परत आला आणि निकालाची चौदा दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून. चूक माझीच, पण चडफडाट व्हायचा तो झालाच.

म्हणून आधी कागदावर दोन याद्या करा: पत्ते डावीकडे, प्रत्येक पत्त्यावरची माणसं उजवीकडे. एकही पत्ता माणसांशिवाय उरता कामा नये. आईला फोन लावूनच बसा; काकूंचं पूर्ण नाव, आतेभावाचं वय तिलाच माहीत असतं. वय अंदाजे चालतं आणि जुना पत्ता अर्धवट चालतो, त्यामुळे वाड्याचा घरक्रमांक शोधत बसू नका. वारलेल्या आजोबांचं ‘सध्याचं’ वय काय लिहायचं, हे मात्र मदतक्रमांकावर विचारून घ्या.

अर्जाचं कारण निवडताना बिनपगारी असाल तर ‘व्हॉलंटियर’. ते फुकट असतं, पण पुढे त्याच लॅबने पगारावर घेतलं तर हे क्लिअरन्स चालत नाही, नोकरीसाठीचं नव्याने काढावं लागतं. पगाराची शक्यता असेल तर मॅनेजरला आधीच विचारा. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पगाराबद्दल आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयालाही.)

नावाचं राहिलंच. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा आपल्या नावाला जोडून असतं, विद्यापीठाच्या नोंदीत ते गळतं. तिन्ही अर्जांत पासपोर्टप्रमाणेच लिहा. ठशांच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर परत पाठवतात. हिवाळ्यात बोटं कोरडी पडून ठसे उमटत नाहीत, तेव्हा आदल्या आठवड्यापासून रोज क्रीम लावा. त्या दिवशी मात्र नको.

हे सगळं झाल्यावर लॅबमध्ये पहिले काही आठवडे मुलं दिसतात ती व्हिडिओतच. मुलाला पारदर्शक पेटीत खेळणं बंद करून चुकीच्या किल्ल्या देतात आणि आपण चेहऱ्यावरचा राग ० ते ३ मध्ये मोजायचा. भुवया आकसल्या की नवखे लगेच राग लिहितात. किल्ली फिरवताना एकाग्र झालेल्या मुलाच्याही भुवया तशाच होतात. तोंड बघा, रागात ते ताणलं जातं. चेहरा मोजताना आवाज बंद ठेवा, नाहीतर रडका सूर ऐकून आकडा वाढतो. अनुभवी कोडरशी, म्हणजे असे चेहरे मोजणाऱ्याशी, तुमचे आकडे किती जुळतात हे सांगणारा ‘कॅपा’ ०.७० च्या वर गेल्याशिवाय खरा डेटा हाती देत नाहीत.

क्लिअरन्स साठ महिने चालतात, मग पुन्हा तोच फॉर्म. मी यादीची फाइल ठेवली आहे. सध्या त्यात एकोणीस नावं आहेत, आणि रूममेट बदलली की त्याच दिवशी तिचं पूर्ण नाव नि वय विचारून घेते.