सलग चार तास

आमची लेक आता सात महिन्यांची झालीय आणि अजूनही रात्री एकदा, कधीकधी दोनदा उठते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाळाला रात्रभर झोपवायची युक्ती मिळेल म्हणून कोणी वाचत बसायला नको. ती माझ्याकडे नाही. पण पहिले दोन महिने ज्या अवस्थेत काढले त्यातून आम्ही दोघं कसे बाहेर आलो ते मला लिहून ठेवायचंय, कारण तेव्हा रात्री तीन वाजता एका हाताने फोन धरून मी हेच शोधत असायचे.

हॉस्पिटलमधून आलो त्या दिवसापासून मी एक वही ठेवली होती. किती वाजता पाजलं, डावीकडे की उजवीकडे, शू किती, शी किती. तिसऱ्या आठवड्यातलं एक पान आत्ता समोर उघडून ठेवलंय. १०.२० डावी, ११.५५ उजवी, १.३० दोन्ही, ३.१० डावी, ४.४० उजवी, ६.०५ डावी. आता यातलं दीडचं फीड घ्या, पाजून होईपर्यंत अर्धा तास, मग खांद्यावर घेऊन ढेकर, तेवढ्यात डायपर भरलेला, तो बदलला की ती टक्क जागी, परत थोडं पाजायचं, खाली ठेवलं तेव्हा सव्वादोन आणि मला झोप लागेपर्यंत अडीच. ३.१० ला परत हजर. म्हणजे झोप चाळीस मिनिटं. त्या रात्रीची सगळी बेरीज जेमतेम सव्वातीन तास भरते, दिवसातल्या डुलक्या धरून पाच-साडेपाच.

पाच-साडेपाच तास ऐकायला अगदीच वाईट वाटत नाही ना, मलाही वाटलं नव्हतं, म्हणून मी स्वतःलाच दोष देत होते की एवढं झोपूनही मला साधा फोनचा पिन का आठवत नाही, बोलता बोलता वाक्य अर्ध्यात का हरवतं. मोठ्या माणसाचं झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप असं करत ते पुरं होतं. माझा सगळ्यात मोठा तुकडा पाऊण तासाचा होता. म्हणजे त्या अख्ख्या रात्रीत माझं एकही चक्र पुरं झालं नव्हतं. हे कळलं तेव्हा मला खरं सांगते रडू आलं, कारण पहिल्यांदाच वाटलं की मी कमी पडत नाहीये, माझ्या झोपेचा नुसता चुरा झालाय.

बाळाच्या बाजूने मात्र त्या पानावर काहीच बिघडलेलं नव्हतं. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं, पोट इवलंसं असतं आणि अंगावरचं दूध दीड-दोन तासांत पचतं. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं दूध टिकायलाही लागतंच. आम्हाला तर डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की जन्माच्या वेळचं वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, ती झोपलेली असली तरी तीन तासांनी उठवून पाजा. रात्र आणि दिवस हा फरक तर तिच्या शरीराला माहीतच नव्हता, ते घड्याळ दोन-तीन महिन्यांनंतर लागायला लागतं. आम्ही एवढंच केलं की दिवसा खिडक्या उघड्या, आवाज चालू, आणि रात्री अगदी मंद दिवा, बोलणं नाही, शी झाली असेल किंवा डायपर अगदीच ओला असेल तरच बदलायचा. दीडच्या फीडनंतर ती टक्क जागी व्हायची ते बऱ्यापैकी त्या डायपर बदलण्यामुळेच. नंतर मी डायपर एक बाजू झाल्यावर मध्येच बदलायला लागले, दुसऱ्या बाजूला पिता पिता ती परत पेंगायची. एवढ्याशा बदलाने रोजची पंधरा-वीस मिनिटं वाचली.

दुसरी गोष्ट मला अपघातानेच कळली. एका रात्री मी बाथरूममध्ये होते आणि ती कुरकुरायला लागली. एरवी मी पहिल्या आवाजालाच तिला उचलायचे. त्या दिवशी यायला दोन मिनिटं लागली आणि येऊन बघते तर ती गप्प. मोबाईलच्या उजेडात वाकून बघितलं, पापण्या मिटलेल्या होत्या पण त्यांच्याखाली डोळे फिरत होते, ओठ चोखल्यासारखे हलत होते, एक मूठ उघडत होती, मिटत होती, मध्येच एक हुंकार. ती झोपलेलीच होती! मग मला प्रश्न पडला की आत्तापर्यंत किती वेळा मीच हिला झोपेतून उचलून जागं केलंय.

नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलती, आवाज करणारी असते, आणि त्यांचं चक्र ५० ते ६० मिनिटांचंच असतं. नंतर वाचताना एक गोष्ट सापडली ती मला फार आवडली. स्वप्नांच्या झोपेत डोळे वेगाने फिरतात हा शोध शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जाहीर केला, आणि त्याआधी असेरिन्स्की तासन्तास झोपलेल्या बाळांचे डोळे बघत बसायचे. मी मोबाईलच्या उजेडात जे बघत होते तेच ते! तेव्हापासून कुरकूर ऐकली की मी मनात शंभर आकडे मोजते. पण हे म्हणजे बाळाला रडत ठेवणं नव्हे, हे प्लीज नीट लक्षात घ्या. तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवायला लागली, मूठ तोंडात कोंबायला लागली की शंभरबिंभर काही नाही, लगेच उचलायचं. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते, आणि रडून लाल झालेलं बाळ स्तन तोंडात नीट धरतही नाही, मग आधी शांत करण्यात अर्धा तास जातो.

आता ज्या पहाटेमुळे सगळं बदललं ती सांगते, लिहिताना अजून पोटात गोळा येतो. सहावा आठवडा चालू होता. मी बाहेर सोफ्यावर बसून पाजत होते कारण बेडवर पाजलं तर नवऱ्याची झोपमोड होईल, त्याला सकाळी ऑफिस. पावणेपाचला घेतलं एवढं आठवतंय. जाग आली तेव्हा पाच वीस. ती माझ्या हातावरून घसरून माझी कूस आणि सोफ्याची उशी यांच्या फटीत गेली होती, तोंड उशीकडे. श्वास चालू होता, शांत झोपली होती, काही झालं नव्हतं. पण माझे हात इतके थरथरत होते की तिला उचलायलाच जमेना, मी नवऱ्याला हाक मारली.

बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं हे सगळ्यात धोक्याचं असतं, बेडपेक्षाही जास्त. मी नवऱ्याची झोप सांभाळायला म्हणून नेमकी तीच जागा निवडली होती. त्या दिवसापासून सोफा बंद. डोळे मिटतायत असं वाटलं तर बेडवरच बसायचं, उशा-पांघरूण आधी बाजूला करून, आणि पाजून झालं की ती तिच्या पाळण्यात, आमच्याच खोलीत पण वेगळी, पाठीवर, सपाट कडक गादीवर, आत उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणी नाहीत. पाठीवर झोपवण्याबद्दल घरात थोडी कुरबूर झाली होती, पण अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवा म्हणून मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. यापुढे मला वाद घालायचा नव्हता.

त्या सकाळी नवरा म्हणाला, "मला उठवायचं ना." मी म्हटलं तुला ऑफिस असतं. तर तो म्हणाला, "आणि तुझा दिवस काय सुट्टीचा असतो?" मग चहा गार होईपर्यंत आम्ही वही घेऊन बसलो, आणि तेव्हा लक्षात आलं की रात्री आम्ही दोघंही अर्धवट जागे असतो. मी उठते, तो आवाजाने उठतो, काय करू विचारतो, मी काही नको म्हणते, आणि दोघांचीही झोप मोडते. त्यापेक्षा एकाने पूर्ण जागं राहावं आणि एकाने पूर्ण झोपावं.

तर आमची वाटणी अशी झाली. रात्री नऊ ते दीड त्याचं. मी पावणेनऊला पाजून आणि पंपाने दूध काढून ठेवून दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, मधलं फीड तो बाटलीने देणार. दीडनंतर माझं, तेव्हा तो जाऊन झोपणार, थेट साडेसहापर्यंत. दोघांनाही किमान चार तास सलग.

पहिली रात्र वाईट गेली. दाराआडून तिचा रडण्याचा आवाज येत होता आणि मी छताकडे बघत पडले होते, माझं दूध गळत होतं, कपडे ओले. मला माहीत होतं की तो तिला आडवी धरतोय आणि तिला उभी धरलेली आवडते. न उठणं हे त्या सगळ्या काळातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. चौथ्या दिवशी कळलं की मी त्याच खोलीत असले तर ती बाटली तोंडातच घेत नाही, माझा वास येत असणार, पण मी नसले तर घेते. आणि त्याने स्वतःची पद्धत शोधून काढली, तिचं पोट त्याच्या खांद्यावर येईल अशी उंच धरायची आणि खोलीतून खोलीत फेऱ्या, काही न बोलता. मी कधीच तशी धरली नव्हती. त्याच्याकडे ती आता माझ्यापेक्षा लवकर झोपते.

सहाव्या रात्री मी सव्वानऊ ते सव्वाएक सलग झोपले. उठले तेव्हा क्षणभर कळेना मी कुठे आहे. नंतर पहाटे दोन वेळा पाजलं पण डोकं जागेवर होतं, आणि तिच्याकडे बघून मला छान वाटलं. हे लिहायला विचित्र वाटतं पण त्याआधी बरेच दिवस मला तिच्याकडे बघून नुसती भीती वाटत होती, की आता ही कधी उठेल.

दुधाचं थोडं सांगते. आम्ही बाटली सहाव्या आठवड्यानंतर सुरू केली, अंगावरचं नीट बसल्यावर. पंप केलेलं ताजं दूध खोलीत, फार गरम नसेल तर, ४ तास राहतं, फ्रीजमध्ये ४ दिवस. फॉर्म्युला, म्हणजे पावडरचं दूध, देत असाल तर तयार केलेली बाटली दोन तासांच्या आत, आणि बाळाने तोंड लावल्यावर एका तासात संपवायची, उरलेलं टाकून द्यायचं. आणि फॉर्म्युला देणाऱ्या आयांनो, कोणी काही म्हणो, तुमची रात्र वाटून घेणं उलट सोपं आहे, ते करा. बाटली द्यायचीच नसेल तर दुसऱ्याने बाकी सगळं करावं, बाळ आणून देणं, ढेकर, डायपर, परत झोपवणं. आईने फक्त पाजायचं आणि आडवं व्हायचं, म्हणजे पाऊण तासाचं जागरण वीस मिनिटांवर येतं. घरात जोडीदार नसेल तर आई, बहीण, मैत्रीण, जी कोणी असेल तिला "बाळाला बघायला ये" असं म्हणण्यापेक्षा "संध्याकाळी सात ते अकरा बाळ सांभाळ, मला झोपायचंय" असं सरळ सांगा. लोकांना मदत करायची असते, पण काय करायचं ते कळत नसतं.

चौथ्या महिन्यात परत गाडी घसरली, दोनदा उठणारी पोरगी पाच-पाच वेळा उठायला लागली. त्या वयात झोपेची रचनाच बदलते. आम्ही काहीही नवीन केलं नाही, फक्त वाटणी मोडली नाही, आणि तीनेक आठवड्यांत ते ओसरलं.

"रात्री झोपते ना नीट?" हा प्रश्न मात्र अजून येतो, आणि नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. पीडियाट्रिक्स या नियतकालिकात २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी छापलेल्या अभ्यासात ६ महिन्यांची सुमारे ३८ टक्के बाळं रात्री सलग सहा तास झोपत नव्हती आणि वर्षाची झाल्यावरही सुमारे २८ टक्के. आणि त्यांच्या विकासात काही फरक दिसला नाही. मी आता सरळ "नाही, उठते" म्हणते आणि विषय बदलते.

एक गोष्ट मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नका. दमलेल्या माणसाला संधी मिळाली की झोप लागते. बाळ झोपलंय, कोणीतरी सांभाळतंय, तरीही तुम्हाला झोप लागत नाही, दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येतंय, कशातच मन लागत नाही, तर ते नुसतं जागरण नाही, डॉक्टरांना सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतं, म्हणजे साधारण आठातली एक. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणालातरी सांगा. माझी एक मैत्रीण तीन महिने "सगळ्यांनाच होतं" असं म्हणत गप्प राहिली. आता ती बरी आहे, पण ते तीन महिने तिने एकटीने काढायला नको होते.

बरं, पावणेनऊ झाले. पंपाचे भाग धुवून पालथे घातलेत, बाटली फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आहे, तो तिला खांद्यावर घेऊन बाहेर फेऱ्या मारतोय आणि ती त्याच्या कानाशी काहीतरी बडबडतेय. दीडला माझी पाळी. दार लावून घेते.